गरम सुई

चिन्नी पुंगाटीला खाटेवर घालून तळेपारच्या आरोग्य केंद्रात आणलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. तिला पाहताच शेवंता गेडामला कळलं की हा साधा ताप नाही. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. दातखीळ बसलेली. मुरंगटोल्याच्या चार बाप्यांनी नाल्यातून, मांडीभर चिखलातून ती खाट खांद्यावर आणली होती, आणि मागून तिची आई लच्चीबाई धापा टाकत आली होती.

"कधीपासून आहे गं ताप?" शेवंतानं विचारलं.

"परवापासून. काल रातीपर्यंत बोलत होती. सकाळी मलेच वळखलं नाही." लच्चीबाईनं तिचा हात घट्ट धरला. "तू हायेस ना बाई इथं. मंग मले भेव नाही."

दोन वर्षांत लच्चीबाई तिच्याशी एवढं बोलली नव्हती. आज बोलली, ती गरज म्हणून. आईला पोरीपुढे मानापमान थोडाच सुचतो!

शेवंता या केंद्रात सव्वीस वर्षं राबत होती. गडचिरोलीच्या दक्षिणेकडचं हे जंगल, आणि मलेरिया इथं पाचवीला पुजलेला. ताप आला की बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. असल्या काचा तिनं किती केल्या असतील, त्याचा हिशेब देवालाही लागायचा नाही. आता काचा गेल्या होत्या, यंत्र आलं होतं. पण बोट टोचणारा हात तोच होता.

डॉ. निनाद हुले साताऱ्याकडचा पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा, इथं येऊन जेमतेम आठ महिने झालेले. त्यानं रक्त तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. "डोक्यात चढलाय ताई. शंभरातल्या चौदा पेशींत जंतू आहे." त्यानं हातोहात नेहमीचं इंजेक्शन दिलं. पण ते औषध आताशा निम्म्या रोग्यांत नुसतं पाण्यासारखं जात होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि शेवंतालाही. मग त्यानं पडद्यावर चिन्नीची नोंद उघडली आणि त्याचा श्वास मोकळा झाला.

"सुटलो! पिवळं कार्ड आहे हिचं. वाहक आहे, शांत रक्त. गरम सुई मागवतो. चाळीस मिनिटांत ड्रोन येईल."

लच्चीबाईनं दोन्ही हात जोडले. शेवंतानं मात्र पडद्यावरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

आता ही गरम सुई काय भानगड आहे, ते सांगायला हवं.

मलेरियाचा जंतू रक्तातल्या लाल पेशीत घुसतो, तिथंच पोसतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पुष्कळ वर्षं लोकांचा असा समज होता की लाल पेशी म्हणजे नुसती हमाल. प्राणवायूचं ओझं वाहायचं, दुसरं काम नाही. लढायचं काम पांढऱ्या पेशींचं. पुढे कळलं की ही हमालीण चांगली बातमीदारही आहे. ती फुटते तेव्हा तिच्यातला लोहाचा गाळ रक्तात सांडतो, आणि तो गाळ किती आणि किती वेगानं सांडला त्यावरून शरीराची फौज किती भडकायचं ते ठरवते. साध्या रक्तात हा गाळ एकाएकी लोंढ्यासारखा येतो. फौज बिथरते, आणि जंतू मारता मारता स्वतःच्याच मेंदूच्या नसा सुजवून ठेवते. मेंदूच्या मलेरियात माणूस निम्मा जंतूनं मरतो आणि निम्मा आपल्याच फौजेनं.

सिकलच्या वाहकाचं तसं नसतं. म्हणजे ज्याला आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडूनच सिकलचा दोष आलाय, जो स्वतः धडधाकट असतो, त्याचं. त्याच्या लाल पेशी रोज थोड्या थोड्या झिरपतच असतात. शरीराला त्या गाळाची सवय झालेली असते, आणि फौजेला आवर घालणारं एक रसायन कायम तयार असतं. म्हणून त्याला म्हणायचं शांत रक्त.

यावरून दोन औषधं निघाली. त्यांची लांबलचक नावं डॉक्टरांनाही धड घेता येत नसत. गावकऱ्यांनी ती गरम सुई आणि थंड सुई करून टाकली, आणि पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले. गरम सुई फौजेला चेतवते. शांत रक्ताच्या माणसाला ती दिली तर चार तासांत जंतूंचा फडशा. तीच साध्या रक्ताच्या माणसाला दिली, तर मेंदू असा सुजतो की संध्याकाळपर्यंत खेळ खलास. थंड सुई उलटी. ती बिथरलेल्या फौजेला आवरते, म्हणून साध्या रक्ताला तारते. शांत रक्ताच्या माणसाला मात्र ती पुरती निःशस्त्र करते.

तेव्हा कुणाचं रक्त कसलं, हे आधी ठाऊक हवं. पेशींची पूर्ण चाचणी करायला यंत्राला पाच तास लागायचे, कारण ते पेशींना खरोखरच जंतू चारून, त्या कशा फुटतात ते बघायचं. दातखीळ बसलेल्या माणसाजवळ पाच तास नसतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी सरकारनं रक्त-ओळख मोहीम काढली. प्रत्येक जिवंत माणसाच्या रक्ताचे दोन थेंब आधीच घ्यायचे, तपासायचे आणि नोंदवून ठेवायचे. मुरंगटोल्याचे थेंब शेवंतानं घेतले होते.

घेतले होते, म्हणजे सोळांपैकी नऊ जणांचे घेतले होते.

मे महिना होता. तेंदूपानाचा हंगाम. उरलेली सात माणसं पानं तोडायला पार दुसऱ्या टोकाच्या जंगलात गेलेली, आणि मोहिमेची शेवटची तारीख दुसऱ्या दिवसावर आलेली. तालुक्यावरून साहेबांचा दिवसातून चार वेळा फोन. काचांच्या जमान्यात शेवंताला तिच्या वरच्या जुन्या बाईनं एक धडा दिला होता: ठरलेल्या काचा भरल्या नाहीत तर बोलणी खावी लागतात, तेव्हा एकाच बोटातून चार काचा कर आणि चार नावं टाक. ताप नसलेल्या माणसाची काच कोण बघतंय? सगळ्याच जणी तसंच करायच्या. अर्धा जिल्हा तसाच चालायचा आणि त्यानं कुणाचं कधी काही बिघडलंही नव्हतं. शेवंतानं नाल्याकाठच्या मोहाखाली बसून स्वतःचंच बोट दाबलं आणि रक्त टिपायच्या सात पट्ट्या भरल्या. त्या सातांत एक नाव लच्चीबाईचं होतं आणि एक चिन्नीचं.

शेवंता स्वतः वाहक. सातही जण पिवळ्या कार्डाचे निघाले. या भागात वाहक पुष्कळ, तेव्हा कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. काच म्हणजे नुसती मोजदाद होती. पट्टी म्हणजे औषधाची चिठ्ठी होती, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. शिरलं तेव्हा उशीर झाला होता.

आता डॉक्टर सलाईनची गती बघत होता. शेवंता त्याच्याजवळ गेली.

"डॉक्टर, हिची चाचणी पुन्हा लावून घ्या ना यंत्रावर."

"लावतो की, रीतच आहे ती. पण निकाल येईल तीन वाजता. तोवर थांबता येणार नाही."

"पण समजा नोंद चुकीची असली तर?"

"ताई, तीन वर्षांत या यंत्राची एक नोंद चुकलेली नाही." तो थकल्यासारखा हसला. "तुम्हीच घेतलेला नमुना आहे. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे."

घ्या! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तो साधं बोलला, तिला मात्र चपराक बसल्यासारखं झालं.

ती औषधाच्या खोलीत गेली. मागच्या फळीवर सिकलच्या जुन्या चाचणीच्या कुप्या पडून होत्या. साधी चाचणी: कुपीतल्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्त साधं. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या तर सिकलचा दोष. तिनं चिन्नीच्या बोटातून थेंब घेतला आणि नळीकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटं झाली. रेघा लख्ख दिसत होत्या.

तिनं नळी डॉक्टरसमोर धरली. "हे बघा. ही वाहक नाही."

त्यानं कुपीवरची तारीख वाचली. "ताई, ही दोन वर्षांपूर्वी बाद झालीय. बाद झालेलं पाणी गढूळ होईलच कशाला? ह्याच्यावरून मी यंत्राची नोंद खोटी ठरवू?" मग त्यानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हाला एवढी शंका का येतेय?"

शेवंता म्हणाली, "तसं काही नाही जी. उगाच."

पाणी अजून चालतंय हे दाखवायचा सोपा मार्ग होता. शेजारी दुसऱ्या नळीत आपलं रक्त टाकायचं. ते तिला सुचलं नव्हतं असं नाही. पण त्या पोरीच्या रक्ताशेजारी आपलं रक्त ठेवायची तिला भीती वाटली. भीती नोकरीची तर होतीच, पण त्याहून मोठी एक होती.

तिचा मुलगा पियूष. चिन्नी आणि तो दहावीपासून एकमेकांचे. चिन्नी अंगणवाडीत लागली, पियूष लाकडाच्या डेपोत लागला, आणि लच्चीबाई शेवंताला बाजारात सगळ्यांदेखत "विहीणबाई" म्हणून हाक मारू लागली. मग दोन वर्षांपूर्वी दोघं कार्डं घेऊन शेवंतासमोर बसले. पियूषचं पिवळं, चिन्नीचंही पिवळं. दोन वाहकांचं लग्न म्हणजे चारातलं एक मूल दुखण्यात जन्माला येणार. हे गावोगाव भिंतींवर लिहिलेलं होतं, आणि ते शेवंतानंच रंगवून घेतलेलं होतं.

चिन्नीनं विचारलं होतं, "मावशी, एकदा परत नाही का तपासता येत?"

त्या क्षणी शेवंताला सगळं आठवलं होतं. मोहाचं झाड, दाबलेलं बोट, सात पट्ट्या. पुन्हा तपासलं की दोन निकाल जुळणार नव्हते, आणि मग यंत्र विचारणार होतं की पहिलं रक्त कुणाचं. ती म्हणाली होती, "यंत्र खोटं बोलत नाही बेटा." पियूष आठवड्याच्या आत हैदराबादला निघून गेला. चिन्नीला पुढे आलेली दोन स्थळंही कार्ड बघून परत गेली.

झाकली मूठ तिनं दोन वर्षं झाकूनच ठेवली होती.

बाहेर घरघर झाली. ड्रोननं अंगणात पेटी सोडली. डॉक्टर धावत जाऊन ती घेऊन आला. बर्फातली कुपी वितळली की तासाभरात द्यावी लागे. त्यानं ती तळहातावर धरून ऊब दिली आणि सुईत औषध भरलं. लच्चीबाई पोरीच्या पायाशी बसून होती. शेवंताचा हात चिन्नीच्या कपाळावर होता. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टरनं चिन्नीच्या दंडावर कापूस फिरवला.

"थांबा," शेवंता म्हणाली. तिनं त्याचं मनगटच धरलं. "डॉक्टर, थांबा! ते रक्त हिचं नाही. माझं आहे."

"काय?"

"मोहिमेत ही गावात नव्हती. तारीख संपत होती. मी माझ्याच बोटाचं रक्त तिच्या नावावर भरलं. तिच्या आणि आणखी सहा जणांच्या."

डॉक्टरनं हातातली सुई थाळीत ठेवली. "तुम्हाला कळतंय का, मी आत्ता काय करणार होतो?"

"कळते."

"अर्ध्या मिनिटात, ताई! अर्ध्या मिनिटात!" तो ओरडला.

लच्चीबाई हळूहळू उठली. तिला सुयांचं, नोंदींचं फारसं कळलं नसेल, पण कळायचं ते बरोबर कळलं. "म्हंजे पोरीचं कार्ड खोटं होतं?"

"होय."

"आन लगन? ते बी यापायीच मोडलं?"

शेवंतानं मान खाली घातली. लच्चीबाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं चिन्नीच्या कपाळावरचा शेवंताचा हात उचलला आणि बाजूला केला.

बोलायला वेळही नव्हता. चिन्नीच्या हातापायांना झटका आला. डॉक्टरनं झटक्याचं औषध दिलं आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्यांनी निक्षून सांगितलं: रक्त साधं असल्याची खात्री असेल तर थंड सुई लगेच द्या, तिसऱ्या झटक्याची वाट बघू नका. खात्री नसेल तर देऊ नका, शांत रक्त असेल तर पोरगी हातची जाईल. थंड सुई केंद्राच्या फ्रिजमध्येच होती. नव्हती ती फक्त खात्री.

दुसरा झटका पहिल्याहून लांब चालला.

डॉक्टर शेवंताकडे वळला. "तुमचं रक्त हिच्या नावावर होतं, एवढंच मला कळलं. हिचं स्वतःचं कसलं आहे ते कुठं कळलंय? हिच्या गावात अर्धे लोक वाहक. हीही असू शकते. आणि तुमची ती बाद झालेली नळी..." तो थांबला. "कुणाच्या शब्दावर देऊ मी?"

"माझ्या शब्दावर नका देऊ," शेवंता म्हणाली. "मी तुमच्यासमोर करते. लच्चीबाई, तूबी बघ."

तिनं दोन नळ्या आणल्या, एकाच खोक्यातल्या, एकाच तारखेच्या. एकीत चिन्नीचा थेंब टाकला. मग आपल्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट टोचलं आणि दुसरीत आपला. दोन्ही नळ्या रेघांच्या कागदापुढे उभ्या केल्या.

दहा मिनिटं. तिघंही नळ्यांकडे बघत उभी. खाटेवर चिन्नीचा श्वास घरघरत होता. चार मिनिटं झाली, सहा झाली, दोन्ही नळ्या सारख्याच दिसत होत्या. पाणी खरंच बाद झालं असेल तर? आठव्या मिनिटाला तिच्या नळीत धुकं उतरायला लागलं. नवव्याला मागच्या रेघा पुसट झाल्या. दहाव्याला त्या दिसेनाशा झाल्या. चिन्नीच्या नळीतून एकेक रेघ मोजता येत होती.

"पाणी चालतंय," डॉक्टर पुटपुटला. "तुमचं गढूळ. हिचं स्वच्छ. हिच्यात दोष नाही."

"नाही," शेवंता म्हणाली.

"हे माझ्या डोळ्यांनी बघितलं." त्यानं फ्रिज उघडला.

यंत्र अडून बसलं. नोंदीत शांत रक्त असताना थंड सुई द्यायची तर कारण भरल्याशिवाय ते कुपीचं कुलूप सोडेना. डॉक्टरची बोटं पडद्यावर अडखळली. त्यानं शेवंताकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "नमुना बनावट. घेणारीचं नाव शेवंता गेडाम. सातही नावं लिहा, त्यांनाबी उद्या कुणी गरम सुई टोचून बसेल." त्यानं लिहिलं. तिनं खाली अंगठा लावला. कुलूप उघडलं.

थंड सुई गेली तेव्हा साडेअकरा झाले होते. बारा वाजता तिसरा झटका आला, पण तो आखूड होता. एक वाजता चिन्नीची दातखीळ सुटली. दोन वाजता तिनं डोळे फिरवून छताकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाली, "याया, पाणी." लच्चीबाई तिच्या अंगावर पडून मोठ्यानं रडली. सकाळपासूनचं सगळं रडणं तिनं एकदमच काढलं.

तीन वाजता यंत्राचा निकाल आला. साधं रक्त. डॉक्टर निकाल घेऊन व्हरांड्यात आला. शेवंता तिथं पायरीवर बसली होती. आत जायची तिची हिंमत झाली नव्हती.

"गरम सुई दिली असती तर आत्तापर्यंत..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "ताई, मला अहवाल पाठवावा लागेल. तो थांबवणं माझ्या हातात नाही."

"पाठवा जी. मी कुठं थांबवा म्हणते?"

"उद्यापासून तुम्ही बहुधा कामावर नसाल."

"माहीत आहे."

तो जरा घुटमळला आणि आत गेला. शेवंतानं फोन काढला. नोकरी गेली, ते एक परी बरं. आता जे करायचं होतं ते त्याहून अवघड होतं. आणि आजच करायला हवं होतं, कारण उद्या लच्चीबाईच्या तोंडून पियूषला कळलं तर तो तिचं तोंडही बघणार नव्हता.

"हां आई, बोल. कामावर आहे मी." मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता.

"चिन्नीला मलेरिया झाला होता. डोक्यात चढला होता. आता बरी आहे, शुद्धीवर आली."

"अगं, मग सकाळीच का नाही सांगितलं?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "बरी आहे ना? नक्की?"

"नक्की. पियूष, अजून एक आहे. तिचं कार्ड चुकीचं होतं. ती वाहक नाही. आज कळलं."



"म्हणजे तेव्हा यंत्र चुकलं होतं?"

वाट आयती समोर आली होती. होय म्हटलं असतं, तर पोरानं आणखी काही विचारलं नसतं. यंत्रावर खापर फोडून आईनं पोराला जवळ केलं असतं. निदान लच्चीबाईचा फोन जाईपर्यंत तरी. शेवंताला त्या एका शब्दाचा मोह झाला, खोटं कशाला सांगा.

"यंत्र नाही चुकलं," ती म्हणाली. "तिच्या नावावर मी माझं रक्त भरलं होतं."

"तू?"

"होय."

"आणि आम्ही कार्डं घेऊन तुझ्यासमोर बसलो होतो, ती परत तपासा म्हणत होती, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होय बेटा. माहीत होतं."

गाड्यांचा आवाज थांबला. तो बहुधा बाहेर कुठंतरी येऊन उभा राहिला होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"मी निघतो आत्ता," तो म्हणाला.

"ये बाबा, ये. मी नाक्यावर येते घ्यायला, सकाळच्या गाडीला..."

"तू नको येऊस, आई. चिन्नीला सांग, मी येऊन राहिलो."

फोन बंद झाला. शेवंता पदरानं तोंड पुसून उठली आणि आत गेली. खाटेपासून चार पावलं अलीकडेच ती थांबली, आणि लच्चीबाईची पाठ तिच्याकडे असतानाच तिनं पियूषचा निरोप सांगितला.